बाळंतिणीची बाज आणि साहेबाची मोजणी

हल्ली पेपरात सरकारी दवाखान्यांना मार्क देतात. कुठला पहिला, कुठला नापास, कुठल्यात खाटा रिकाम्या पडून आहेत म्हणून तो बंद करा. मी चष्मा लावून, ओळीखाली बोट ठेवून वाचतो, कारण मी दुसरीपर्यंतच शिकलेलो आणि जोडाक्षरापाशी अजून थांबावं लागतं. पण वाचतो पुरतं. आणि दर वेळी म्हणतो, मोजायला कोण आलेला, किती वाजता आलेला आणि कुठे उभा राहून त्याने मोजलं, ते आधी छापा. घरातले हसतात. हसू देत. स्वराज्य आल्यावर ठाण्यात बायकांचा दवाखाना मोजायला साहेब आला तेव्हा मी तिथे होतो, आणि त्या मोजणीपायी माझी बायको जायची वेळ आलेली. मला यातलं कळत नाही असं कोणी म्हणू नये.

आम्ही कोपरीचे. तेव्हा कोपरी म्हणजे गाव, गावापुढे खाजण, खाडीचं खारं पाणी शिरतं ती जमीन, आणि खाजणात मिठागरं. मी मिठागरावर कामाला. बायकोही टोपली वाहायची. लग्नाला बरीच वर्षं झालेली आणि घरात पोर नव्हतं. पहिला मुलगा पोटातच गेला. दुसरा जन्मला, रडला, आणि संध्याकाळपर्यंत गार झाला. त्या दुसऱ्या वेळी बायकोचं रक्त थांबेना. आमची सुईण म्हणजे निम्म्या कोपरीची नाळ कापलेली बाई. तिच्या हाताला गावात कोणी नाव ठेवत नव्हतं. तिने मला अंगणात बोलावलं, हात धुतले आणि म्हणाली, "ही वाचली ती तिच्या नशिबानं, माझ्या हातानं नाय. पुढच्या वेळी मना बोलवू नको. दवाखान्यात ने."

दवाखाना रेल्वेच्या लाइनीपलीकडे, शहरात होता. आधी लोकल बोर्डाचा, कसाबसा चालणारा. मग सरकारने नवी योजना काढली आणि असे दवाखाने आपल्या हाताखाली घेतले. भिंतींना चुना लागला. हिरव्या रंगाच्या आठ लोखंडी खाटा आल्या, त्यांच्यावर कापसाच्या गाद्या आल्या, आणि एक नर्सबाई आली. देशावरची, कऱ्हाडकडची. तोंडाने तिखट, पण अडलेली बाई तिच्या हाताखाली मोकळी झाली नाही असं फार क्वचित. वर्षाच्या आत कोपरी, चेंदणी, कळवा, सगळीकडच्या बायका तिच्याकडे जायला लागल्या.

जायच्या, पण राहायच्या नाहीत. हे नीट समजून घ्यायला पाहिजे, कारण पुढचं सगळं यावरच आहे. आमच्यात बाळंतीण बाजेवर झोपते. बाज म्हणजे काथ्याने विणलेली बुटकी खाट. तिच्याखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवतात आणि विणीच्या फटींतून शेक बाळंतिणीच्या पाठीला, कमरेला लागतो. वर ओव्याची, बाळंतशेपांची धुरी. सव्वा महिना हे चालतं. दवाखान्यातल्या लोखंडी खाटेवर ही जाड गादी. खाली शेगडी ठेवली तर गादी जळेल, बाई गारच राहील. शिवाय वॉर्डात आग न्यायची नाही असा नियम. म्हणून बायका रात्री यायच्या, बाळंत व्हायच्या, आणि उजाडलं की घरचे डोली नाहीतर हातगाडी घेऊन दारात उभे. खाट मोकळी.

आता सरकारची मोजणी कशी होती, तर रोज सकाळी आठला खाटा मोजायच्या. किती भरलेल्या, किती रिकाम्या. तो आकडा वर जायचा, आणि त्यावरून दवाखाना काम करतो की नाही ते ठरायचं.

हे मला नर्सबाईनेच सांगितलं. बायकोला आठवा लागलेला, तिला दाखवायला घेऊन गेलेलो. नर्सबाई आमच्यावरच उखडली, जसं काही आम्हीच मोजणी लावलेली.

"काल रात्रभर मी पाठ टेकली नाही," ती म्हणाली. "तिघी मोकळ्या केल्या. एक तर पायाळू. पोरं जगली, आया जगल्या. आणि सकाळी आठला मी काय लिहिलं? शून्य. वरचे म्हणत असतील, ही बाई तिकडे झोपा काढते."

"मग आठला कशाला मोजता? पहाटे मोजा," मी म्हणालो.

"तू माझा साहेब आहेस का?"

"नाय."

"मग गप बस. पुढच्या महिन्यात खरा साहेब येणार आहे मुंबईहून. खाटा रिकाम्या दिसल्या की उचलून विठ्ठलवाडीला नेणार. तिकडे निर्वासितांच्या छावण्यांत खाटा पुरत नाहीत. आणि खाटांबरोबर मलाही नेणार."

"आणि इथे?"

"इथे तुमची सुईण."

आमची सुईण हात धुऊन बसलेली, ते मी सांगितलंच. म्हणजे नर्सबाई गेली की माझ्या बायकोला कोणीच नव्हतं.

घरी आल्यावर मी सांगितलं की बाळंतपण दवाखान्यात होईल आणि ही तिथेच राहील. आई चुलीपुढे होती. ती वळलीसुद्धा नाही.

"लोखंडावर बाळंतीण? हाडात गारवा शिरला की बाई जन्माची कामातून गेली. मी सात पोरं काढली ती बाजेवर."

"त्यातली चार गेली, आये."

मग ती वळली. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी जेवण सोडून बांधावर जाऊन बसलो. बोललो ते खरं होतं, मागे घेतलं नाही, अजूनही घेत नाही. पण त्या नजरेपुढे बसून भात गिळवत नव्हता.

बायको मागून आली. पोट सांभाळत, हळू. माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "तुम्ही दोघं भांडून घ्या, मग मना विचारा."

"तुला काय पाहिजे?"

"मना मरायचं नाय. आणि गारठून पण राहायचं नाय. दवाखाना पण पाहिजे, शेक पण पाहिजे. दोन्ही द्याल तर राहते तिथे. नाय तर पोर झालं की उठून चालत घरी येईन. मना अडवून बघा."

ती तसं करणारी होती. मी म्हणालो, दोन्ही देतो. कसं देणार ते तेव्हा मला माहीत नव्हतं. पण एकदा माझ्या तोंडून गेलं की गेलं.

नववा भरायच्या आधीच तिला कळा सुरू झाल्या, भर दुपारी. डोलीतून नेली. फाटकावर मालगाडी उभी राहिलेली, ती हलेपर्यंत डोली खांद्यावर घेऊनच उभे राहिलो. नर्सबाईने तिला आत घेतलं आणि दार लावलं. मी आणि आई बाहेर. ऊन कललं तेव्हा पोराचं रडणं ऐकू आलं. आईने हात जोडले. मी जोडले नाहीत, कारण मागच्या वेळीही रडणं ऐकलेलं. आणि बघा, आतून नर्सबाई ओरडली, डॉक्टरांना बोलवा. डॉक्टर धावत आले. पुन्हा दार लागलं.

बऱ्याच वेळाने नर्सबाई बाहेर आली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत लाल होते.

"मुलगी आहे. चांगली आहे. आई वाचलीय, पण रक्त परत सुटू शकतं. दहा दिवस इथून हलवायची नाही. हलवलीस तर मला तोंड दाखवू नको."

"आणि शेक?" आई म्हणाली.

"शेकबिक काही नाही."

आत गेलो तर बायको लोखंडी खाटेवर थरथरत होती. दोन घोंगड्या वर, तरी दात वाजत होते. मला बघून एवढंच म्हणाली, "घरी न्या." आई तर डोलीवाल्यांना थांबवायलाच निघाली. मी दारात आडवा झालो. आई म्हणाली, "तू पोराचा बाप झालास म्हणून माझा बाप झाला नाहीस." मी म्हणालो, "थांब, मी शेक घेऊन येतो."

तसाच कोपरीला गेलो. घरातली बाज उचलून डोक्यावर उलटी घेतली, पाय आभाळाकडे, आणि चालायला लागलो. शेगडी एका हातात. फाटकावरचे रेल्वेचे गँगवाले ओळखीचे. एक म्हणाला, "काय रे, बायकोनं घराबाहेर काढला का?" दुसरा म्हणाला, "अरे नाय, हा सासऱ्याकडे झोपायला चाललाय, स्वतःची खाट घेऊन. मानी माणूस हाय." मी तसाच पुढे गेलो. डोक्यावर बाज असली की मान हलवता येत नाही.

वॉर्डाच्या मागे कौलारू पडवी होती, फरशीची, तिन्ही बाजूंनी आडोसा. तिथे बाज टेकवली. नर्सबाई दारात येऊन उभी राहिली.

"हे काय?"

"बाज."

"मला डोळे आहेत. इथे कशाला?"

"वॉर्डात आग न्यायची नाही असा नियम आहे ना? ही पडवी. वॉर्ड नाही."

"पडवी पण दवाखान्यातच येते."

"मग मी तिला घरी नेतो. कुठे सही करायची ते सांगा. सही येते मला."

नर्सबाईने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा आत, खाटेकडे. माझी बायको तेवढ्यात एक पाय खाली सोडून बसायला बघत होती. नर्सबाईने दात आवळले.

"निखारे थोडे. धूर आत आला तर तुलाही बाहेर काढीन आणि तुझ्या आईलाही. आणि तिला तू उचलायची नाहीस, मी उचलते."

बायको बाजेवर आली, पाठीला ऊब लागली, आणि तिचे दात वाजायचे थांबले. पोरीला छातीशी घेऊन झोपली. आतली तिची खाट रिकामी. आई दिवसभर उभी होती. ती त्या गादीवर नुसती टेकली, मग आडवी झाली, मग घोरायला लागली. जन्मात पहिल्यांदा गादीवर.

सकाळी आठला नर्सबाई मोजायला आली तर खाटेवर आई.

"आजी, उठा. ही पेशंटची खाट आहे."

"पेशंट माझ्या बाजेवर हाय. ती माझ्या बाजेवरून उठली की मी तिच्या खाटेवरून उठते. बरोबरीचा व्यवहार."

नर्सबाईने एक आकडा लिहिला. मी म्हणालो, बाई एक, ती दवाखान्यात आहे, खाट एक, ती भरलेली आहे, यात खोटं काय. ती म्हणाली, "तू बोलू नको. तू बोललास की मला ते खोटं वाटायला लागतं."

त्याच दिवशी चेंदणीची एक बाई बाळंत झाली. तिच्या सासूने पडवीतली आमची बाज बघितली, कमरेवर हात ठेवून विचार केला, आणि मुलाला पिटाळलं. संध्याकाळी दुसरी बाज आली. मग कळव्याहून तिसरी. बातमी पसरायला तेव्हा पेपर लागत नव्हता. उजाडताच डोली घेऊन येणारे आता बाजा घेऊन येऊ लागले. बघता बघता पडवी भरली, आणि आत जितक्या खाटा तितक्या सासवा. एखादीची सासू नसली तर आई, नाहीतर चुलती. गाद्यांवर मांड्या घालून बसायच्या, एकमेकींच्या सुनांची उणीदुणी काढायच्या, आणि आयाबाईला हाक मारून विचारायच्या की सरकार चहा किती वाजता देतं. नर्सबाई कपाळाला हात लावायची. पण बायका रोज तिच्या नजरेखाली होत्या. एका पोराची नाळ पिकली ती तिने वेळेत धुतली. एकीला ताप चढला तो तिने त्याच दिवशी ओळखला. आधी असल्या बायका उजाडताच घरी जायच्या, आणि त्यांचं पुढे काय झालं ते हिला कधीच कळायचं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी मी मिठागरावरून डबा घेऊन आलो, तर पडवीत आई ओरडत होती, "नर्सबाई, ओ नर्सबाई." त्याआधी ती तिला "ती देशावरची" याखेरीज काही म्हणत नसे. बाजेखाली फरशीवर रक्त होतं. नर्सबाई धावत आली. पायानेच शेगडी बाजूला सारली, मला म्हणाली विटा आण. मी अंगणातल्या विटा आणल्या, तिने बाजेचे पायथ्याचे दोन्ही पाय वर उचलायला लावून खाली विटा सारल्या. पोटावर मूठ दाबून धरली, आयाबाईकडून इंजेक्शन मागवलं. बायकोचा चेहरा मिठासारखा पांढरा झालेला. नर्सबाईने मूठ काढली नाही. घाम तिच्या नाकावरून बाजेवर ठिबकत होता. मग एकदाची म्हणाली, "थांबतंय."

त्यानंतर ती आईकडे वळली. "शेक बंद. अजिबात."

मी वाट बघत होतो की आता आई काय म्हणते. आईने फडक्याने शेगडी उचलली, अंगणात नेली आणि तिच्यावर तांब्याभर पाणी ओतलं. तिने कोणाचं ऐकलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि त्यानंतरही फारसं नाही.

नंतर एका शिकलेल्या माणसाने मला सांगितलं की शेकानेच रक्त सुटलं असेल. असेल. मी डॉक्टर नाही. पण शेगडी नसती तर ती त्या दुपारी कोपरीत असती, आणि नर्सबाई लाइनीच्या पलीकडे, आणि फाटकावर मालगाडी. हे ज्याला समजत नाही त्याने मला रक्ताबद्दल शिकवू नये.

आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी साहेब आला.

मी तिथेच होतो, रात्री अंगणात झोपलेलो. साहेब बारीक अंगाचा, पांढरी पँट, बुशशर्ट, सोनेरी काडीचा चष्मा. डॉक्टर त्याच्या मागे. बरोबर आठला तो वॉर्डाच्या दारात उभा राहिला आणि त्याने बघितलं की आठच्या आठ खाटा भरलेल्या. डोक्यावरून पांघरुणं घेतलेली, कारण गारठा होता. त्याचा चेहरा खुलला, खोटं कशाला बोलू. तो पहिल्या खाटेशी गेला. ती खाट माझ्या आईची.

"कितवं बाळंतपण, बाई?"

"सातवं," आई पांघरुणातून म्हणाली.

"मुलगा की मुलगी?"

"मुलगा. तो बघा, दारात उभा हाय."

साहेबाने माझ्याकडे बघितलं. मला मिशा होत्या. मग त्याने आईच्या तोंडावरचं पांघरूण हळूच खाली केलं. आईचं तेव्हा साठीकडे झुकलेलं वय. शेजारच्या खाटेवरची चेंदणीची सासू उठून बसली आणि म्हणाली, "माझे नऊ झाले, साहेब. हिच्यापेक्षा जास्त. लिहून घ्या."

साहेब हसला नाही. त्याने नर्सबाईला विचारलं, पेशंट कुठे आहेत. तिने पडवीचं दार उघडलं. एका रांगेत बाजा, बाजांवर बाळंतिणी, त्यांच्या कुशीत पोरं. कोपऱ्यात दोन-तीन शेगड्या अजून धुमसत होत्या. नर्सबाईचा चेहरा उतरलेला. तिची नोकरी त्या दारात उभी होती.

"हे कोणी आणलं?"

"मी," मी म्हणालो. "पहिली बाज माझी."

"दवाखान्यात घरच्या खाटा आणता येत नाहीत. या सगळ्या आजच्या आज बाहेर काढ. आणि आतल्या बायकांना खाली उतरव." मग डॉक्टरांकडे वळून म्हणाला, "खाटा आठ, पेशंट असलेल्या शून्य. म्हणजे गेले चार दिवस आलेले आकडे खोटे."

"शून्य कसे?" मी म्हणालो. "बाया दिसतात ना? मोजा."

"मी खाटा मोजायला आलोय. खाटेवर पेशंट नसेल तर ती खाट रिकामी."

"आणि पेशंट असेल, पण खाटेवर नसेल, तर?"

"तुझं काम काय आहे इथे?"

"ती तिसरी, पायाखाली विटा लावलेली, ती माझी बायको. काल ती मेली असती. ही बाई इथे होती म्हणून जगली. तुम्ही खाटा न्याल आणि हिला न्याल. उद्या बायकोचं रक्त परत सुटलं तर मी काय विटांना हाक मारू?"

साहेबाने चष्मा काढून पुसला. मग जे बोलला ते मी विसरलेलो नाही, कारण त्यात खोट नव्हती. "मी काल विठ्ठलवाडीला होतो. छावणीत. एकेका खाटेवर दोघी दोघी, एकीचं डोकं दुसरीच्या पायांशी. एक जमिनीवर बाळंत झाली, माझ्यासमोर. त्या बायकांना मी काय सांगू? ठाण्यात गाद्यांवर सासवा झोपतात, म्हणून तुम्हाला खाट नाही?"

त्या बायका घरदार टाकून आलेल्या, त्यांच्याकडे बाज कुठली. मी म्हणालो, "खाटा न्या. आजच न्या. मी स्वतः ट्रकवर चढवतो. पण नर्सबाईला हात लावायचा नाही."

"खाटांच्या हिशेबानं नर्स मिळते. खाटा नसतील तर वॉर्ड नाही. वॉर्ड नाही तर नर्स नाही. हे मी ठरवलेलं नाही."

"मग कोणी ठरवलं त्याला इथे आणा."

डॉक्टरांनी मला दंडाला धरलं. मी दंड सोडवून घेतला. तेवढ्यात आत फरशीवर लोखंड ओढल्याचा आवाज आला, दात शिवशिवतील असा. आई. तिने गादी गुंडाळून काखेत मारलेली आणि रिकामी खाट एका हाताने ओढत दाराकडे चाललेली.

"खाट पाहिजे ना याला? घे म्हणावं. कोणासाठी तरी नेतोय ना? बाळंतिणीसाठीच नेतोय ना? घे."

चेंदणीची उठली, कळव्याची उठली. दोघी दोघी एकेका खाटेला लागल्या. टोपल्या वाहून वाहून घट्ट झालेल्या बाया, त्यांना त्या खाटांचं काय. अंगणात हिरव्या खाटांची रांग लागली, त्यांच्यावर गुंडाळलेल्या गाद्या. वॉर्ड रिकामा. मग आई पडवीत आली, माझ्या बायकोच्या बाजेचा एक पाय धरून मला म्हणाली, "बघत काय राहिलास? धर."

आम्ही चौघांनी बाज बायकोसकट उचलली आणि वॉर्डात नेली. विटासुद्धा नर्सबाईने स्वतः आणून परत पायथ्याशी लावल्या. मग दुसरी बाज, मग तिसरी. शेगड्या पडवीतच राहिल्या, एकही आत आली नाही. सगळ्या बाजा भिंतीला लागल्या तेव्हा आई कमरेवर हात ठेवून साहेबासमोर उभी राहिली. "आता मोज."

एक पोर रडायला लागलं, त्याला बघून बाकीची. त्या गोंगाटात साहेबाने नर्सबाईला विचारलं, "हे नियमात बसतं?"

ती म्हणाली, "आग आत नाही, साहेब. बायका आत आहेत. पाच दिवस झाले, एकही पळून गेलेली नाही. इथे आल्यापासून पहिल्यांदा मला माझ्या बाळंतिणींचे चेहरे आठवतात."

त्याने मग एकेका बाजेपाशी जाऊन बघितलं. माझ्या बायकोपाशी थांबला, तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. डॉक्टर होता म्हणजे तो मूळचा. पापणी सोडली आणि म्हणाला, "नर्स पुढच्या पाहणीपर्यंत जागेवर राहील. खाटा संध्याकाळी जातील."

संध्याकाळी ट्रक आला. शब्द दिलेला, म्हणून आठही खाटा मीच चढवल्या. आई गाद्या देताना एकेक थोपटत होती. ती झोप तिला आवडलेली.

पुढे नर्सबाईने हसत सांगितलं की त्या सालच्या मोजणीत आमचा दवाखाना सगळ्यात खाली आला. भरलेल्या खाटा शून्य, कारण खाटाच शून्य. बाजांसाठी त्यांच्याकडे जागा नव्हती लिहायला. खाली तर खाली, पण साहेबाने नर्सबाईला हलवलं नाही. त्या खाली आलेल्या दवाखान्यात पुढची बरीच वर्षं आमच्याकडच्या बायका बाळंत झाल्या, आठ-दहा दिवस राहिल्या, आणि पोरं घेऊन घरी गेल्या. ज्याला मार्क द्यायचे त्याने त्यांना जाऊन विचारावं. काही अजून आहेत.

दहाव्या दिवशी नर्सबाईने बायकोचं पोट दाबून बघितलं, पापण्या बघितल्या आणि म्हणाली, "ने." मी डोली ठरवलेली. बायको म्हणाली, चालत येते. मी म्हणालो, डोलीचे पैसे दिलेत. ती म्हणाली, मग तुम्ही बसा डोलीत. आम्ही भांडत होतो तेवढ्यात दवाखान्याच्या फाटकातून एका बाईला आणलं, कळा सुरू असलेली, दोघांच्या खांद्यावर. बाजबीज काही बरोबर नव्हती. जागा होती ती एकच, भिंतीजवळची, आमची.

मी बाज उचलायला वाकलेलो. बायकोने माझा हात धरला.

"राहू द्या."

"सव्वा महिना व्हायचाय अजून. आये काय म्हणेल?"

"आयेला काय म्हणायचं ते म्हणेल. ती बाई काय फरशीवर झोपेल?" आणि तिने स्वतः त्या बाजेवरचं आपलं फडकं काढलं, झटकलं, आणि त्या बाईला हाताला धरून बसवलं.

आई तो महिनाभर बोलत राहिली की बाजेवाचून बाळंतीण म्हणजे काय. बायको घरी चटईवर झोपली. पोर कडेला. तिला काही झालं नाही.